फाशांनी लिहिलेली मोहीम : 'बी-१७ : क्वीन ऑफ द स्काइज' आणि एकट्याचा युद्धपट

१

अमेरिकेतील बाल्टिमोर येथील अ‍ॅव्हलॉन हिल या संस्थेने १९८३ साली 'बी-१७ : क्वीन ऑफ द स्काइज' या नावाचा पटावरचा एक युद्धखेळ बाजारात आणला. ग्लेन फ्रँक यांनी रचलेला हा खेळ त्यापूर्वी १९८१ मध्ये ऑन टार्गेट गेम्स या छोट्या संस्थेकडून प्रसिद्ध झाला होता. तो एकट्याने खेळावयाचा होता. समोर प्रतिस्पर्धी नाही. एक पट, काही सोंगट्या, फासे, नियमांची पुस्तिका आणि तक्त्यांचा एक जाडसर जुडगा एवढेच त्याचे साहित्य. विषय दुसऱ्या महायुद्धातला आहे. इंग्लंडमधील तळांवरून जर्मनव्याप्त युरोपवर दिवसाउजेडी हल्ले करणाऱ्या अमेरिकेच्या आठव्या वायुदलातील एका बी-१७ बाँबफेकी विमानाने आणि त्यातील दहा जणांनी पार पाडावयाच्या पंचवीस मोहिमा, असा त्याचा आवाका. काळ नोव्हेंबर १९४२ ते मे १९४३ असा नेमका बांधलेला.

असा खेळ साहित्यसमीक्षेच्या कक्षेत का यावा, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर खेळाच्या पहिल्याच कृतीत सापडते. डाव सुरू करण्यापूर्वी खेळणारा नोंदपत्रकावर दहा नावे लिहितो. पायलट, सहपायलट, बाँब सोडणारा बंबार्डियर, नॅव्हिगेटर, इंजिनियर, रेडिओवाला, आणि विमानाच्या पोटाखाली, दोन्ही कुशींना व शेपटीत बसणारे चार गनर अशी ही मंडळी. बहुतेक युद्धखेळांतल्या सोंगट्यांना पलटणीचे क्रमांक असतात. येथे त्यांना माणसांची नावे येतात आणि ती खेळणाऱ्याने स्वतः दिलेली असतात. पुढच्या तास-दीड तासात फाशांवर पडणारी दाने या नावांचे काय होणार ते ठरवतात. डाव संपल्यावर हाती विजय वा पराजय उरत नाही. एक वृत्तान्त उरतो. कोण परतला, कोणाची बोटे गोठली, कोणाच्या जागी दुसरे नाव लिहावे लागले, हे त्या पत्रकावर नोंदलेले असते. म्हणजेच हा खेळ कथन निर्माण करणारे एक यंत्र आहे.

या खेळावर आरंभापासून घेतला गेलेला मुख्य आक्षेपही नेमका याच ठिकाणी बोट ठेवतो. खेळणाऱ्याने निर्णय घ्यावा असे त्यात फारच थोडे आहे. फासे टाकायचे, तक्ता पाहायचा आणि निकाल सोसायचा. तेव्हा याला खेळ तरी का म्हणावे, असा तो आक्षेप आहे. एकविसाव्या शतकात हा आणि याच्या कुळातील जुने खेळ पुन्हा उघडले जाऊ लागले, तेव्हा दोष मानल्या गेलेल्या या वैशिष्ट्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहणे शक्य झाले. खेळणाऱ्याची अगतिकता हाच या खेळाचा आशय आहे, असे प्रस्तुत विवेचनात म्हणावयाचे आहे. तथापि ज्या नियमांमुळे विमानातील माणसांबद्दल हा खेळ इतका प्रामाणिक राहतो, त्याच नियमांमुळे विमानाखालच्या माणसांबद्दल तो पूर्णतः मुका होतो. हे दोन गुणधर्म परस्परांपासून तोडता येत नाहीत.

२

युद्धखेळाची आधुनिक परंपरा प्रशियाच्या लष्करातून आलेली आहे. थोरल्या राइसविट्झने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केलेल्या खेळाला त्याच्या तोफखान्यातील अधिकारी असलेल्या मुलाने १८२४ मध्ये नियमबद्ध रूप दिले. तपशीलवार नकाशा, पलटणींचे ठोकळे, हानी ठरविण्यासाठी फासे व तक्ते आणि या सर्वांवर देखरेख करणारा पंच अशी त्याची मांडणी होती. अधिकाऱ्यांचे शिक्षण हा त्याचा हेतू. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. फासा या रचनेत करमणुकीसाठी आलेला नाही. रणांगणावरील अनिश्चितता ही ज्ञानाचाच एक भाग आहे, ती शिकवता आली पाहिजे, या जाणिवेतून तो आला आहे.

चार्ल्स रॉबर्ट्स यांनी १९५४ मध्ये 'टॅक्टिक्स' हा खेळ विक्रीस आणला आणि लष्करी शाळेतला हा प्रकार नागरी घरांत शिरला. पुढे त्यांनीच १९५८ मध्ये अ‍ॅव्हलॉन हिल या नावाखाली खेळांची मालिका सुरू केली. या खेळांचा गाभा होता तो दोन बाजूंच्या बळाचे गुणोत्तर व फाशाचे दान यांवरून निकाल सांगणारा तक्ता. पंच नाहीसा झाला आणि त्याचा अधिकार छापील तक्त्याकडे गेला. मात्र प्रतिस्पर्धी कायम राहिला, त्यामुळे खेळ हा दोन बुद्धींमधील झगडा या पारंपरिक कल्पनेला धक्का बसला नाही. दोन्ही बाजू एकट्यानेच आलटून पालटून खेळून पाहण्याची रीत या छंदात होती; पण ती सोय होती, रूपबंध नव्हता.

एकट्याचा युद्धपट हा स्वतंत्र रूपबंध म्हणून १९८०च्या दशकात आकाराला आला. 'बी-१७'च्या सोबतच १९८३ मध्ये व्हिक्टरी गेम्स या संस्थेचा 'अँबुश!' आला. त्यात एका अमेरिकन तुकडीच्या वाटचालीत काय घडते हे क्रमांक दिलेल्या परिच्छेदांतून वाचावयाचे होते. जॉन बटरफील्ड यांचा 'आर.ए.एफ.' (१९८६) ब्रिटनवरील हवाई युद्धाचे सूत्रसंचालन एका खेळणाऱ्याच्या हाती देतो, तर ब्रूस शेली यांचा 'पॅटन्स बेस्ट' (१९८७) एका रणगाड्यातील पाच जणांची कहाणी सांगतो. याच सुमारास इंग्लंडमध्ये 'द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन' (१९८२) या पुस्तकाने फासे टाकत वाचावयाच्या कादंबरिकेची लाट आणली होती. वाचकाला संहितेची वाट निवडू देण्याचा प्रयोग साहित्यात त्याआधीच झाला होता. हूलिओ कोर्तासार यांची 'रायुएला' (१९६३) ही कादंबरी त्याचे परिचित उदाहरण होय. एकट्याचा युद्धपट हा या दोन प्रवाहांच्या संगमावर उभा आहे. प्रतिस्पर्धी गेल्यावर त्याच्या जागी जे येते ते संहितेसारखे असते, आणि खेळणारा अपरिहार्यपणे वाचकाच्या भूमिकेत शिरतो.

३

'बी-१७'मधील एका डावाचा क्रम पाहिल्यास हे स्पष्ट होते. प्रथम लक्ष्य ठरते. तेही फाशाने. पहिल्या मोहिमांसाठी जवळची ठिकाणे, पुढील मोहिमांसाठी दूरची, असे लक्ष्यांचे तक्ते चढत्या क्रमाने लावलेले आहेत. हा चढ इतिहासाला धरून आहे. आठव्या वायुदलाच्या अवजड बाँबफेकी विमानांचा इंग्लंडमधून झालेला पहिला हल्ला १७ ऑगस्ट १९४२ रोजी फ्रान्समधील रूआँजवळच्या रेल्वे यार्डावर होता. जर्मनीच्या भूमीवरील पहिला हल्ला २७ जानेवारी १९४३ रोजी विल्हेल्म्सहाफेन या बंदरावर झाला. लक्ष्यानंतर व्यूहातील विमानाची जागा ठरते. आघाडीवर वा शेवटी उडणाऱ्याला धोका अधिक. मग पटावरील पट्टीवर विमानाची सोंगटी एकेक घर पुढे सरकते आणि प्रत्येक घरात शत्रूची लढाऊ विमाने आली का, किती, कोणत्या जातीची आणि घड्याळाच्या कोणत्या काट्याच्या दिशेने, हे फाशांना विचारावे लागते.

खेळणाऱ्याच्या हाती जे येते ते एवढेच : कोणत्या गनरने कोणत्या विमानावर गोळी झाडावी हे सांगणे, दारूगोळा जपून वापरणे, विमान फारच जायबंदी झाले तर बाँब टाकून माघारी फिरावे, व्यूह सोडून खाली यावे की उड्या मारावयास सांगावे हे ठरविणे. गोळी लागली की नाही, शत्रूची गोळी विमानाच्या कोणत्या भागात शिरली, त्या भागात कोण बसला होता, त्याची जखम किरकोळ, गंभीर की प्राणघातक, हे सारे तक्ते सांगतात. प्राणवायूची नळी वा उष्णतेची यंत्रणा तुटली, तर उंचीवरील थंडीने माणूस गोठू लागतो आणि त्यासाठीही दान आहे.

रोझे कायवा यांनी १९५८ मध्ये खेळांचे जे चार वर्ग केले त्यांत स्पर्धा, यदृच्छा, अनुकरण आणि भोवळ यांचा समावेश होतो. बुद्धिबळाच्या वंशातील युद्धखेळ स्पर्धेच्या वर्गातले. 'बी-१७' मात्र यदृच्छा आणि अनुकरण यांच्या युतीतून उभा राहतो. पूर्णतः दानावर चालणारे खेळ मराठी वाचकाला नवे नाहीत. ज्ञानेश्वरांच्या नावाशी परंपरेने जोडला गेलेला मोक्षपट या जातीचा आहे. त्यातही खेळणाऱ्याला निवड नसते आणि ही निवडशून्यताच अर्थपूर्ण ठरते. पण तेथील घरांना सद्‌गुण-दुर्गुणांची नावे आहेत, शिडी आणि साप यांना कारण आहे, आणि अखेरीस पोहोचण्याचे ठिकाण आहे. दानामागे कर्मविपाकाची न्यायबुद्धी गृहीत धरलेली असते. 'बी-१७'च्या पटावर अशी कोणतीही न्यायबुद्धी नाही. कुशीतला गनर का मारला गेला याला 'तेथे गोळी आली' याखेरीज उत्तर मिळत नाही. मोक्षपटात नशीब शिकवते. येथे ते फक्त घडते.

खेळणाऱ्याची ही स्थिती ज्यांचे चित्रण करावयाचे त्यांच्या स्थितीशी मिळतीजुळती आहे. लक्ष्याकडे जाताना बाँबफेकी विमान विमानविरोधी तोफांच्या माऱ्यात शिरे, पण अचूक बाँबफेकीसाठी त्याला सरळ रेषेतच उडावे लागे, वळता येत नसे. व्यूह मोडणे म्हणजे स्वतःला एकटे पाडणे. गनरजवळ गोळी झाडण्याखेरीज करण्यासारखे काही नव्हते आणि बंबार्डियरजवळ वाट पाहण्याखेरीज. रँडल जॅरेल यांची १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेली, पोटाखालच्या गोलकात बसणाऱ्या गनरच्या मृत्यूवरची अवघ्या पाच ओळींची कविता ज्या निष्क्रियतेला रूप देते, तिचाच प्रत्यय हा खेळ नियमांच्या भाषेत देतो. अधिक निर्णय देणारा खेळ अधिक रंजक ठरला असता. पण मग खेळणाऱ्याला असा भ्रम झाला असता की कौशल्य असते तर ही माणसे वाचली असती. आक्षेपकांना जेथे उणीव दिसली तेथे प्रत्यक्षात अनुभवाशी इमान राखलेले आहे.

४

या खेळातील तक्ता हे इतिहासलेखनाचे कोणते रूप आहे, हा पुढचा प्रश्न. अ‍ॅरिस्टॉटलने इतिहासकार आणि कवी यांत भेद केला तो असा की एक घडलेले सांगतो आणि दुसरा संभाव्यतेच्या वा अनिवार्यतेच्या नियमाने घडू शकेल असे सांगतो. 'बी-१७'चा तक्ता या दोहोंच्या मधोमध उभा राहतो. त्यात एकही घडलेली घटना नाही. पण किती वेळा काय घडले याच्या आठवणीचे प्रमाण त्यात गोठवलेले आहे. विशिष्ट दिवशी विशिष्ट विमान पाडले गेले हे तो सांगत नाही, असे विमान पाडले जाण्याची शक्यता सांगतो. म्हणून डावातून निघणारे कथन काल्पनिक असते आणि तरीही ते मनमानी नसते.

हे प्रमाण कथनाच्या पातळीवर काय करते ते साध्या गणिताने पाहता येईल. प्रत्येक मोहिमेत विमान गमावण्याचा धोका ४ टक्के धरला, तर सलग २५ मोहिमा पार पडण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के उरते. तोच धोका ५ टक्के धरला तर ती २८ टक्क्यांच्या आसपास येते. एका मोहिमेपुरता क्षुल्लक वाटणारा धोका पंचवीस मोहिमांच्या साखळीत बहुसंख्यांचा शेवट करणारा ठरतो. कादंबरीकाराला हे सत्य सांगणे अवघड जाते, कारण कादंबरीला नायक अखेरपर्यंत हवा असतो. खेळाला ती गरज नाही. चौथ्या मोहिमेत विमान कोसळले की खेळणारा नवे पत्रक काढतो आणि नवी दहा नावे लिहितो. असे अनेक अपुरे वृत्तान्त साठतात, आणि एखादाच पंचविसाव्या मोहिमेपर्यंत जातो.

याच मुद्द्यावर या खेळाची 'मेम्फिस बेल' या नावाशी निगडित असलेल्या लोकप्रिय कथनाशी तुलना करता येते. या नावाच्या बी-१७ विमानाच्या चमूने मे १९४३ मध्ये पंचविसावी मोहीम पूर्ण केली आणि तो मायदेशी परतला. विल्यम वायलर यांनी त्यावर १९४४ मध्ये माहितीपट काढला, १९९० मध्ये एक कथापटही आला. या विमानाची पहिली मोहीम ७ नोव्हेंबर १९४२ रोजी ब्रेस्टवर होती. म्हणजे 'बी-१७'ने निवडलेला कालखंड जवळजवळ महिन्यामहिन्याने एका वाचलेल्या विमानाचाच कालखंड आहे. माहितीपट विल्हेल्म्सहाफेनवरील हल्ला ही अखेरची मोहीम म्हणून दाखवतो. प्रत्यक्षात त्या चमूचे शेवटचे लक्ष्य फ्रान्समधील लोरियाँ होते. कथनाला उत्कर्षबिंदू हवा असल्यामुळे शेवट जर्मनीवर न्यावा लागला. फाशांना मात्र कोणती मोहीम शेवटची हे ठाऊक नसते. पंचविसावी मोहीम अगदी निर्वेध पार पडू शकते आणि तिसरी सर्वांत भीषण ठरू शकते. कथानकाची चढण फासे ओळखत नाहीत, म्हणून हा खेळ चित्रपटापेक्षा इतिहासाच्या अधिक जवळ जातो.

वाचलेल्यांवरून निष्कर्ष काढण्यातला धोका त्याच युद्धात एका संख्याशास्त्रज्ञाने दाखवून दिला होता. कोलंबिया विद्यापीठातील सांख्यिकी संशोधनगटात काम करणाऱ्या अब्राहम वाल्ड यांनी १९४३ मध्ये, परतलेल्या विमानांवरील भोकांवरून न परतलेल्या विमानांविषयी अनुमान कसे करावे याची पद्धत मांडली. (वाल्ड यांचा १९५० मध्ये भारतातील व्याख्यानदौऱ्यावर असताना निलगिरीत विमान अपघातात मृत्यू झाला.) परतलेल्या विमानांना जेथे भोके पडलेली दिसतात तेथे मार बसूनही विमान परतू शकते, भोके जेथे दिसत नाहीत तेथे मार बसलेली विमाने परतलेलीच नसतात. युद्धविषयक आठवणी आणि कथा या अर्थाने परतलेल्यांचे वाङ्मय असतात. 'बी-१७' न परतलेल्यांनाही पत्रकावर जागा देतो, हे त्याचे एक मोठे बळ होय.

५

तथापि या बळाला एक सीमा आहे आणि ती कालखंडाच्या निवडीतूनच दिसते. खेळ मे १९४३ मध्ये थांबतो. आठव्या वायुदलावरील सर्वांत मोठे आघात त्यानंतरचे. १७ ऑगस्ट १९४३ रोजी श्वाइनफुर्ट व रेगेन्सबुर्गवरील मोहिमेत ६० विमाने गेली, १४ ऑक्टोबर रोजी पुन्हा श्वाइनफुर्टवर तितकीच. पुढे १९४४ मध्ये मोहिमांची संख्याही २५ वरून वाढवून ३० आणि नंतर ३५ करण्यात आली. जोसेफ हेलर यांच्या 'कॅच-२२' (१९६१) मध्ये वरिष्ठ अधिकारी मोहिमांचा आकडा पुनःपुन्हा वाढवत नेतो आणि त्यातून संपूर्ण कादंबरीचा उपरोध उभा राहतो. 'बी-१७'मध्ये २५ हा आकडा अढळ आहे. सत्ता आपला शब्द फिरवू शकते ही शक्यता नियमांत नाही. यदृच्छा आहे, पण संस्था नाही. मृत्यूला फासे जबाबदार; मोहीम आखणाऱ्याचे नाव कोठेच येत नाही.

याहून गंभीर मौन जमिनीविषयीचे आहे. लक्ष्यावर पोहोचल्यावर फासे टाकले जातात आणि बाँब लक्ष्याच्या परिसरात किती टक्के पडले याची शेकडेवारी मिळते. ती पत्रकावर लिहिली जाते आणि सोंगटी परतीच्या वाटेला लागते. उरलेली टक्केवारी कोठे पडली, हा प्रश्न खेळाच्या भाषेत विचारताच येत नाही. ही भाषा खेळकर्त्याने शोधलेली नाही. आठव्या वायुदलाची स्वतःची मोजणीच अशी होती, नेमबिंदूपासून १,००० फुटांच्या वर्तुळात किती बाँब पडले यावर अचूकता ठरे. युद्धानंतर अमेरिकन सरकारच्याच बाँबफेक-सर्वेक्षणाने दाखवून दिले की अचूक लक्ष्यांवर टाकलेल्या बाँबपैकी सरासरीने केवळ सुमारे २० टक्के त्या परिघात पडले होते.

उरलेल्यांचे काय झाले याचे एक उत्तर खेळाने निवडलेल्या सात महिन्यांतच आहे. ५ एप्रिल १९४३ रोजी आठव्या वायुदलाने बेल्जियममधील अँटवर्पलगतच्या मोर्टसेल येथील, जर्मन विमानांची दुरुस्ती करणाऱ्या एर्ला कारखान्यावर हल्ला केला. बहुतेक बाँब वस्तीवर पडले. ९३६ नागरिक मारले गेले, त्यांत शाळांत बसलेली मुले मोठ्या संख्येने होती. ते शत्रुराष्ट्राचे नागरिकही नव्हते. ज्यांची मुक्तता करावयाची असे म्हटले जात होते, तेच हे लोक. 'बी-१७'च्या नोंदपत्रकावर असा दिवस एका कमी टक्केवारीच्या रूपाने येईल आणि त्यातील दहाही नावे सुखरूप परतली असतील, तर खेळणारा त्या डावाला चांगला डाव म्हणेल.

हे मौन नैतिक बेफिकिरीतून आले आहे असे म्हणणे सोपे, पण अपुरे आहे. खेळाचा दृष्टिकोन विमानाच्या आतला आहे. चार-पाच मैल उंचीवरून खाली धूर दिसतो, माणसे दिसत नाहीत. आतल्या माणसांची अगतिकता जिवंत राहावी म्हणून दृष्टी आतच बांधून ठेवली आहे. ती बाहेर गेली असती तर खेळणारा एकाच वेळी बळी आणि मारेकरी झाला असता. हा पेच कादंबरीने पेलल्याचे उदाहरण आहे. लेन डेटन यांनी 'बॉम्बर' (१९७०) मध्ये ३१ जून १९४३ या पंचांगात नसलेल्या तारखेला ब्रिटिश विमानांचा एक हल्ला कल्पिला. त्यात वैमानिक, जर्मन लढाऊ विमानांचे चालक आणि चुकून ज्यावर बाँब पडतात त्या गावातील माणसे यांना एकाच रात्रीत समान जागा दिली. डब्ल्यू. जी. सेबाल्ड यांनी १९९७ मधील झुरिच येथील व्याख्यानांत (ग्रंथरूप १९९९) तक्रार केली ती अशी की आपली शहरे बेचिराख झाल्याचा अनुभव युद्धोत्तर जर्मन साहित्यानेही जवळपास टाळला. जमिनीवरच्यांचे मौन आणि विमानातल्यांचे मौन हे असे समोरासमोर उभे असताना, खेळातील शेकडेवारीचा रकाना हा त्या दुहेरी मौनाचा एक दस्तऐवजच ठरतो.

६

१९८०च्या दशकाचा शेवट होईतो हा रूपबंध मागे पडू लागला होता. संगणकाने एकट्या खेळणाऱ्याला दृश्य आणि ध्वनी यांसह तेच अनुभव देऊ केले. मायक्रोप्रोज या संस्थेने याच विमानावरचा संगणकखेळ १९९२ मध्ये काढला. अ‍ॅव्हलॉन हिल १९९८ मध्ये हॅस्ब्रो या खेळण्यांच्या मोठ्या कंपनीकडे गेली आणि तिचा युद्धखेळांचा वारसा विस्कळीत झाला. 'बी-१७'च्या प्रती मात्र घरोघरच्या कपाटांत राहिल्या.

या खेळांचे पुनरुज्जीवन झाले ते नव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. 'द हंटर्स' (२०१३) या खेळाने हीच रचना जर्मन पाणबुडीला लावली. 'टार्गेट फॉर टुडे' (२०१७) हा तर 'बी-१७'चाच थेट वारस. त्याने विमानांचे प्रकार वाढवले आणि कालखंड युद्धाच्या अखेरपर्यंत नेला. म्हणजे मूळ खेळाने मे १९४३ वर ओढलेली रेघ पुसली. 'स्काइज अबव्ह द राइश' (२०१८) ने दृष्टिकोनच उलटवला. त्यात खेळणारा जर्मन लढाऊ विमानांचा तांडा घेऊन बी-१७च्या व्यूहावर तुटून पडतो. पूर्वी ज्या सोंगट्यांना माणसांची नावे होती त्या येथे लक्ष्य बनतात. पुनर्शोध म्हणजे केवळ स्मरणरंजन नव्हे हे या क्रमावरून दिसते. जुन्या संहितेचे वाचन नव्या संहितेने केले, तिच्या सीमा ओळखल्या आणि त्यांपैकी काही ओलांडल्या. जमिनीची सीमा मात्र या तिन्ही खेळांनी ओलांडलेली नाही.

एस्पेन ऑर्सेत यांनी १९९७ मध्ये ज्या संहितांना वाचकाच्या श्रमाखेरीज अस्तित्व नाही त्यांची स्वतंत्र मीमांसा केली आणि तिच्या कक्षेत प्राचीन चिनी शकुनग्रंथ 'ई-चिंग'पासून संगणकखेळांपर्यंत सारे आणले. त्या मीमांसेत 'बी-१७'ला सहज जागा आहे. परंतु केवळ वर्गीकरणाने त्याचे मोल ठरत नाही. त्याचे मोल असे की युद्धकथेत नियतीचे जे भाषण लेखक करीत असतो ते त्याने लेखकाकडून काढून घेऊन फाशांकडे दिले, आणि असे केल्यावर काय ऐकू येते व काय येत नाही हे एकाच वेळी दाखवून दिले. आठव्या वायुदलातील २६,००० हून अधिक माणसे युद्धात मारली गेली. नोंदपत्रकावरील खोडलेली नावे त्या आकड्याला चेहरा देऊ पाहतात. त्याच पत्रकावर, त्याच हाताने लिहिलेला टक्केवारीचा एक आकडाही असतो, आणि त्याला नाव लिहावयाची जागा नसते. जुन्या युद्धपटांचे पुनर्वाचन करणाऱ्याने हे दोन रकाने एकमेकांशेजारी ठेवून वाचणे, ही त्या वाचनाची किमान अट मानावयास हवी.